लेसच्या चव्हाट्यावर: पट्ट्या छेदताना या चुका टाळा

बॉबिन लेस म्हणजे बॉबिनांवर (छोट्या दांड्यांवर) गुंडाळलेले धागे उशीवर टाचण्यांच्या आधाराने एकमेकांत गुंफून केलेली लेस. तिची सरळ पट्टी विणताना सगळं सुरळीत असतं. दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे आपली आधीची हलगर्जी अक्षरशः चव्हाट्यावर येते.

सरावाला मी एका पट्टीत बॉबिनांच्या ७ जोड्या घेते: ६ ताण्याच्या (उभ्या), १ बाण्याची (आडवी ये-जा करणारी). चौकात, म्हणजे पट्ट्या छेदतात त्या जागी, मात्र ताणा-बाणा असा भेद नाही. बाण्याची जोडीही बाकीच्यांसारखी सरळ पलीकडे जाते. कडेच्या टाचणीला वळताना तिला दिलेला पीळ तसाच आत नेला की विणीत बारीकसं भोक पडतं. मी कितीतरी दिवस त्याचा राग सुतावर काढत होते! आत शिरण्याआधी तो पीळ सोडवा.

मग एका पट्टीची प्रत्येक जोडी दुसरीच्या प्रत्येक जोडीतून न्यायची: ७ गुणिले ७, म्हणजे ४९ क्लॉथ स्टिच (कापडासारख्या विणीचे टाके). प्रत्येक टाका क्रॉस (दोन जोड्यांच्या मधल्या धाग्यांची अदलाबदल), पीळ (प्रत्येक जोडीतल्या दोन धाग्यांची अदलाबदल), क्रॉस. चूक शोधायला एक पट्टी लाल, दुसरी पांढरी घ्या. एकाच जोडीत लाल-पांढरे धागे एकत्र दिसले, तर शेवटचा क्रॉस राहिलाय. जोड्या एकरंगी आहेत पण भोक आहे, तर पीळ जादा झालाय. तिथपर्यंत उलट्या क्रमाने उसवा. ‘पुढे जमवून घेऊ’ म्हटलंत तर लाल धागा पांढऱ्या पट्टीत बिऱ्हाड करतो.

ओढ दोन्ही पट्ट्यांना सारखी द्या, प्रत्येक ओळीनंतर, हलक्या हाताने. एकीलाच ओढलं की दुसरी धनुष्यासारखी वाकते. बॉबिनांची वजनंही जुळायला हवीत. माझ्या सावंतवाडीत कातून घेतलेल्या आहेत. जाड-बारीक निघाल्या त्या वेगळ्या ठेवल्या.

पट्ट्या जोडायची दुसरी रीत म्हणजे आधी विणून झालेल्या पट्टीच्या कडेला नवी पट्टी अडकवायची. इथे घाईने सगळ्या टाचण्या काढू नका. एक काढा, त्या भोकातून बारीक क्रोशाची सुई घालून नव्या पट्टीच्या जोडीतल्या एका धाग्याचा फास वर ओढा, त्यातून जोडीदार बॉबिन काढा, आवळा, टाचणी परत लावा. सुईत कडेचा एकच धागा आला तर कड तिथे ताणून फाकते.

आणि टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्याच. एका श्रावणात साध्या टाचण्या लावलेलं काम तीन आठवडे उशीवर राहिलं. चौक बिनचूक होता, पण चारही कोपऱ्यांवर गंजाचे तांबूस ठिपके. दोनदा धुतले, गेले नाहीत.