मतदारसंघाचा नकाशा न्याय्य आहे का, हे कसे तपासावे: अमेरिकेतील कृष्णवर्णीय मतदार आणि पुनर्रचना

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे, राज्य विधिमंडळांचे, काउंटी मंडळांचे आणि शहर परिषदांचे मतदारसंघ नव्याने आखले जातात. भारतात हे काम परिसीमन आयोगाकडे असते आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव ठेवलेल्या असतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र विधिमंडळातील बहुमताचा पक्षच सीमा आखतो आणि कृष्णवर्णीयांसाठी एकही जागा राखीव नसते. त्यामुळे त्यांच्या मताचे वजन किती राहणार, हे बऱ्याच अंशी रेषा कोणत्या गल्लीतून गेली यावर ठरते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी भाषकांना आपल्या राज्याचा किंवा काउंटीचा नकाशा स्वतः तपासता यावा आणि त्यावर वेळेत, पुराव्यानिशी बोलता यावे, यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

आधी कायद्याची चौकट

वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये झाली. पण दक्षिणेत साक्षरता चाचण्या, मतदान कर आणि उघड हिंसा यांनी ती जवळजवळ शतकभर निष्प्रभ ठेवली. सीमारेषाही याच कामी आल्या. अलाबामाच्या विधिमंडळाने १९५७ मध्ये टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून तिची अठ्ठावीस बाजूंची आकृती केली आणि शहरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. ही हद्द सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये अवैध ठरवली. पुढे अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर ७ मार्च १९६५ रोजी पोलिसांनी केलेल्या हल्ल्याने देश हादरला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली.

या कायद्याच्या कलम ५ नुसार भेदभावाचा इतिहास असलेल्या प्रदेशांना कोणताही नवा नकाशा लागू करण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. असे प्रदेश ठरवण्याचे सूत्रच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात रद्द केले आणि पूर्वमंजुरी संपली. माझ्या मते नागरिकांनी नकाशा वाचायला शिकण्याची निकड या एका निकालाने सर्वांत जास्त वाढवली, कारण आता आक्षेप घेणाऱ्यालाच आधी पुरावा गोळा करावा लागतो. १९८२ च्या दुरुस्तीनंतर, मतदानात वंशभेदाला मनाई करणाऱ्या कलम २ खाली अधिकाऱ्यांचा हेतू सिद्ध करण्याची सक्ती राहिली नाही, भेदभावाचा परिणाम दाखवणे पुरेसे ठरले; आणि १९८६ च्या गिंगल्स खटल्यात न्यायालयाने त्यासाठी तीन प्राथमिक अटी घातल्या. अल्पसंख्याक समूह एका मतदारसंघात बहुमत होईल इतका मोठा आणि सलग वस्तीचा असावा, त्याचे मतदान एकदिलाने होत असावे, आणि बहुसंख्याक गोरे मतदार गटाने मतदान करून त्याचा उमेदवार बहुधा पाडत असावेत.

आकडे मिळवणे आणि नीट मोजणे

आधार म्हणून जनगणना विभागाची पुनर्रचनेसाठीची आकडेवारी घ्यावी. तिच्यात अगदी लहान ब्लॉकपर्यंतची लोकसंख्या वंशानुसार आणि मतदानयोग्य वयानुसार मिळते. २०२० च्या जनगणनेची ही माहिती १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. प्रस्तावित नकाशाची संगणकीय फाइल विधिमंडळाच्या किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून ती ‘डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग’ या विनामूल्य साधनात उघडली की प्रत्येक मतदारसंघाची बेरीज समोर येते. केवळ चित्राच्या स्वरूपातला नकाशा मिळाला, तर फाइलची लेखी मागणी करावी. चित्रावरून रेषा नेमकी कोणत्या ब्लॉकमधून गेली हे कळत नाही.

मोजताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एकूण लोकसंख्येपेक्षा मतदानयोग्य वयाच्या कृष्णवर्णीय लोकसंख्येचे प्रमाण महत्त्वाचे असते, आणि जिथे स्थलांतरित बरेच आहेत तिथे नागरिकांची संख्या वेगळी पाहावी लागते. फक्त ‘कृष्णवर्णीय’ असे लिहिणारे मोजायचे, की त्यासोबत दुसराही वंश नोंदवणारे धरायचे, हे आधी ठरवून सर्व तुलनांत तीच व्याख्या ठेवावी, नाहीतर जुन्या आणि नव्या नकाशाची तुलनाच चुकते. तिसरी गोष्ट तुरुंगांची. जनगणना कैद्यांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर न मोजता तुरुंगाच्या ठिकाणी मोजते. त्यामुळे शहरातील कृष्णवर्णीय वस्त्यांतून गेलेली, बहुतेक ठिकाणी मतदान करू न शकणारी माणसे दूरच्या ग्रामीण मतदारसंघाचा आकडा फुगवतात. मेरीलँड आणि न्यूयॉर्क यांनी २०१० मध्ये कायदा करून हे बदलले. आपल्या राज्यात तसा कायदा नसेल, तर मोठा तुरुंग कोणत्या मतदारसंघात धरला आहे हे टिपून ठेवावे.

कोंबणे आणि फोडणे कसे ओळखावे

मतांचे वजन घटवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकतर कृष्णवर्णीय मतदारांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात एकाच मतदारसंघात कोंबायचे, म्हणजे शेजारच्या मतदारसंघांत त्यांचा प्रभाव उरत नाही. किंवा सलग वस्ती तीन-चार मतदारसंघांत फोडायची, म्हणजे ती कुठेच निर्णायक ठरत नाही. अनेकदा दोन्ही गोष्टी एकाच नकाशात शेजारीशेजारी आढळतात. केवळ आकार वेडावाकडा दिसतो म्हणून नकाशा अन्यायकारक ठरत नाही, आणि सुबक चौकोनी आकारही सलग वस्ती बेमालूमपणे कापू शकतो.

अलाबामाचे उदाहरण सविस्तर अभ्यासण्यासारखे आहे. राज्यात कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के. काँग्रेसच्या जागा सात. २०२१ च्या नकाशात त्यांचे बहुमत असलेला मतदारसंघ एकच, सातवा, आणि त्याचे फाटे बर्मिंगहॅम व मॉन्टगोमेरी या शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांपर्यंत नेलेले होते. राज्याच्या मध्यातून जाणारा काळ्या सुपीक मातीचा पट्टा, जिथे गुलामांच्या श्रमावर कापसाचे मळे उभे राहिले आणि जिथे त्यांचे वंशज आजही दाट वस्तीने राहतात, तो मात्र शेजारच्या मतदारसंघांत विभागला गेला होता. समुद्रकिनाऱ्यावरच्या मोबाईल आणि बाल्डविन या काउंट्या एकत्र ठेवणे भाग आहे, असा राज्याचा बचाव होता. वादींनी तब्बल अकरा पर्यायी नकाशे सादर करून दाखवले, की राज्याचे नेहमीचे निकष सांभाळूनही दोन मतदारसंघ सहज आखता येतात. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, वादींच्या बाजूने निकाल दिला. विधिमंडळाने त्यानंतरही दुसऱ्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरच ठेवले, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचा नकाशा लागू करावा लागला.

येथे शिकण्यासारखे हे, की आक्षेपापेक्षा पर्यायी नकाशा अधिक परिणाम करतो. ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्याला उत्तर देणे सोपे असते; त्याच निकषांत बसणारा दुसरा नकाशा पुढे ठेवला, तर तो का नाकारला याचे कारण द्यावे लागते.

मतदान खरोखर वंशानुसार विभागलेले आहे का

ही पायरी सर्वांत कष्टाची आणि सर्वांत निर्णायक आहे. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून मागील काही निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय निकाल घ्यावेत आणि प्रत्येक केंद्रासमोर तेथील कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण लिहावे. जिथे जवळजवळ सर्व मतदार एकाच वंशाचे आहेत अशी केंद्रे प्रथम पाहावीत, मग सर्व केंद्रांचा आलेख काढावा. कृष्णवर्णीय आणि गोरा उमेदवार समोरासमोर असलेल्या लढती निवडल्या, तर चित्र जास्त स्पष्ट होते. अलाबामाच्या खटल्यात असे दिसले, की कृष्णवर्णीयांनी आपल्या पसंतीच्या उमेदवारांना सरासरी ९२.३ टक्के मते दिली, तर गोऱ्या मतदारांनी त्याच उमेदवारांना १५.४ टक्के. न्यायालयात तज्ज्ञ अधिक बारकाईच्या सांख्यिकी पद्धती वापरतात. सुनावणीतील निवेदनासाठी मात्र नागरिकाने काळजीपूर्वक केलेला तक्ता आणि आलेख उपयोगी पडतो.

त्यानंतर जुन्या निवडणुकांचे निकाल नव्या रेषांत बसवून पाहावेत. ५० टक्के हा जादूचा आकडा नाही. अलाबामाच्या नव्या दुसऱ्या मतदारसंघात मतदानयोग्य वयाच्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४८.७ टक्के असूनही २०२४ मध्ये तेथून शोमारी फिगर्स निवडून आले. व्हर्जिनियाने उलट राज्य विधिमंडळाच्या बारा मतदारसंघांत सरसकट ५५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. स्थानिक परिस्थिती न पाहता लावलेला हा आकडा पुढे अकरा मतदारसंघांच्या बाबतीत न्यायालयात टिकला नाही.

प्रमाण कमी केले की प्रभाव पसरतो, असा युक्तिवाद ऐकू आला तर मिशिगनची आठवण ठेवावी. तेथे २०१८ च्या सार्वमताने तेरा नागरिकांचा स्वतंत्र आयोग निर्माण झाला, आणि तरीही डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्या उपनगरांना जोडून अशा विखुरल्या गेल्या, की प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, आपला उमेदवार निवडणेच तेथील मतदारांना अवघड झाले. वंशालाच मुख्य आधार मानून आखलेले तेरा विधिमंडळ मतदारसंघ केंद्रीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले. डेट्रॉइटसारख्या ठिकाणी खरी निवड प्राथमिक फेरीतच होते, म्हणून केवळ नोव्हेंबरच्या निवडणुकीचे आकडे पाहून समाधान मानू नये. आयोग स्वतंत्र आहे, एवढ्यावर विसंबू नये हेही मला आवर्जून सांगावेसे वाटते.

पर्यायी नकाशा काढताना घ्यायची काळजी

वंश हाच मुख्य निकष ठेवून काढलेला मतदारसंघ १९९३ च्या शॉ खटल्यापासून संशयास्पद मानला जातो. त्या खटल्यातील नॉर्थ कॅरोलिनाचा बारावा मतदारसंघ सुमारे १६० मैल लांब होता आणि बऱ्याच अंतरात महामार्गाच्या पट्ट्यापेक्षा रुंद नव्हता. म्हणून आपला पर्याय काउंटी, शहरे, नद्या, शाळांचे विभाग यांच्या सीमांवर उभा करावा आणि प्रत्येक वळणाचे कारण लिहून ठेवावे.

दुसरा अडथळा पक्षाचा. पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत केंद्रीय न्यायालये लक्ष घालणार नाहीत, असे २०१९ मध्ये ठरले. आणि साउथ कॅरोलिनाच्या खटल्यात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रेषा पक्षासाठी नसून वंशासाठी वळवली हे वादीनेच वेगळे करून दाखवावे. जिथे कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने एकाच पक्षाला मत देतात, तिथे ही राज्याच्या हाती दिलेली भक्कम ढाल आहे, आणि ज्याचे मत हिरावले जाते त्याच्यावर टाकलेले हे ओझे मला अन्यायाचे वाटते. यावर एक उपाय असा, की राज्याला हवा असलेला पक्षीय निकाल जवळपास तसाच ठेवूनही कृष्णवर्णीय वस्ती न फोडणारा नकाशा काढून दाखवावा.

लुइझियानाचा वादही डोळ्यांसमोर ठेवावा. तेथे सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्या कृष्णवर्णीय आणि जागा सहा. न्यायालयांच्या आदेशांनंतर २०२४ मध्ये त्यांच्या बहुमताचा दुसरा मतदारसंघ बॅटन रूजपासून श्रीव्हपोर्टपर्यंत आखला गेला, आणि तोच वंशाधारित आहे म्हणून आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयात त्यावर मार्च २०२५ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये युक्तिवाद झाला. कलम २ चा आधार घेण्याआधी या खटल्याचा निकाल आणि त्यानंतरचे आपल्या भागातील आदेश वकिलाच्या मदतीने वाचावेत. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपीवर अधिकार असलेल्या पाचव्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने २०२४ मध्ये असेही ठरवले, की दोन अल्पसंख्याक समूहांनी मिळून कलम २ खाली दावा करता येत नाही. टेक्सासमधील भारतीय वंशाच्या नागरिकांनी कृष्णवर्णीय शेजाऱ्यांसोबत उभे राहताना हे माहीत असणे आवश्यक आहे. न्यायालयात एकत्र दावा अडला, तरी सुनावणीत एकत्र बोलण्यावर त्याने बंधन येत नाही.

सुनावणीत काय मांडावे

निवेदन लेखी द्यावे आणि सोबत नकाशाची फाइल जोडावी, कारण पुढे खटला झाला तर कागदपत्रांत जे आहे तेच उपयोगी पडते. वस्तीची सीमा रस्त्यांच्या नावांनी सांगावी. तिला एकत्र बांधणाऱ्या गोष्टी ठोस असाव्यात: मुले कोणत्या शाळेत जातात, रुग्णालय बंद झाल्याचा फटका कोणाला बसला, पुराचे पाणी कोणत्या भागात शिरते, बस कुठून कुठे जाते, कोणत्या चर्चभोवती लोक जमतात. प्रस्तावित रेषा यांपैकी काय तोडते हे सांगून ती कुठे सरकवावी याची नेमकी मागणी करावी. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या वतीने परस्पर बोलू नये. त्यांचे चर्च, एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची स्थानिक शाखा किंवा लीग ऑफ वुमन व्होटर्स ही मतदारांसाठी काम करणारी संघटना यांच्याशी आधी बसून निवेदन तयार करावे, आणि आपण आपल्या गल्लीबद्दल, शाळेबद्दल साक्ष द्यावी.

पुढच्या जनगणनेची वाट पाहत बसू नये. टेक्सासने ऑगस्ट २०२५ मध्ये दशकाच्या मध्येच काँग्रेसचा नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये सार्वमताने प्रत्युत्तर दिले. काउंटी मंडळे आणि शाळा मंडळे यांचे नकाशे तर पुष्कळदा जवळजवळ रिकाम्या सभागृहात मंजूर होतात. काही ठिकाणी तेथे मतदारसंघच नसतात. सर्व जागांसाठी सर्व मतदार मत देतात आणि ४० टक्के लोकसंख्या असलेल्या समूहालाही एकही जागा मिळत नाही. मोबाईल शहराचा कारभार पाहणारे मंडळ असेच निवडले जाई, आणि त्याविरुद्धच्या खटल्यात १९८० मध्ये न्यायालयाने हेतूचा पुरावा मागितल्यामुळेच काँग्रेसने दोन वर्षांनी कलम २ मध्ये दुरुस्ती केली. म्हणून काउंटीच्या कारकुनाकडे तीन गोष्टींची लेखी विचारणा आजच करावी: मंडळाची निवडणूक कोणत्या पद्धतीने होते, सध्याचा नकाशा कधी मंजूर झाला, आणि पुढील बदलाची जाहीर सूचना कुठे लावली जाते.