पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची जॉमेट्री रेससाठी घरच्या घरी कशी सेट करायची

स्विफ्ट, पोलो, बलेनो असल्या गाड्या घेऊन ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या कोर्सवर वेळ लावून पळायच्या रेसला, उतरणारी पोरं सांगली-मिरजेत वाढायला लागलीत आणि साताऱ्याकडची पण बरीच येतात, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, वळणात स्टेअरिंग मारलं तरी गाडी नाकाने सरळच जाते. कारण साधं आहे. या गाड्यांचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे, ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळायचं त्यांचंच, ब्रेकचा मोठा भार पण त्यांच्यावरच. मागची दोन चाकं नुसती मागून येतात. म्हणून जॉमेट्री, म्हणजे चाकांचे कोन, सेट करताना मनात एकच ठेवायचं, पुढच्या टायरला जमिनीवर सपाट बसू द्यायचं आणि मागच्या चाकांना कामाला लावायचं.

आधी खालची तपासणी करा, ती सोडून पुढे जाऊ नका. लोअर आर्मची (चाक खालून धरणारा आडवा हात) बुशं, बॉल जॉइंट, टायरॉडचे (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) एंड, चाकांची बेअरिंगं, स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकचा उभा खांब) वरचं माउंट, यातलं काही ढिलं असेल तर तुम्ही लावलेला आकडा गाडी हलली की बदलतो, मग मोजायला बसण्यात अर्थ नाही. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवी बाजू धरून हलवा, खडखड जाणवली तर तिथेच थांबा. आपल्याकडे 2019 च्या पुरात पाण्यात गेलेल्या गाड्या नंतर स्वस्तात मिळायच्या आणि अशीच एखादी घेऊन रॅलीसाठी बनवायला घेतली असेल तर बेअरिंगं आणि बोल्ट एकदा काढूनच बघा, वरून पॉलिश केलेलं असतं आणि आतला गंज कामाच्या वेळी आड येतो.

आता जागा. जमीन लेव्हल पाहिजे, आणि डोळ्याला लेव्हल दिसते म्हणून लेव्हल नसते. गवंडी लोक वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, चार चाकांच्या जागी पाण्याची पातळी बघा, जिथे खड्डा असेल तिथे फरशीचे पातळ तुकडे घालून बरोबर करा. आमच्या शेडची जमीन चांगली वाटायची, नळीने मोजली तर उजव्या मागच्या कोपऱ्यात 9 मिलिमीटर खाली निघाली! तेवढ्याने कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या झुकावाचा, आकडा पण फिरतो आणि चार चाकांवरचं वजन पण.

गाडी जशी पळणार तशीच मोजायची. टायरमध्ये हवा सारखी, टाकी अर्धी, स्टेपनी आणि डिक्कीतलं सामान काढलेलं, आणि ड्रायव्हर सीटवर बसलेला, नाहीतर त्याच्या वजनाची सिमेंटची किंवा हळदीची पोती ठेवा. आमच्या एका पोराने गावातल्या एका अलाइनमेंटवाल्याकडून गाडी करून आणली, मशीनवर सगळे आकडे हिरवे होते, पण आम्ही बघितलं तर एका चाकात 28 आणि दुसऱ्यात 33 पीएसआय हवा, सीटवर माणूस नाही. ते हिरवे आकडे रस्त्यावरच्या गाडीचे असतात, ते चुकीचे नाहीत, पण आपल्याला त्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन फरश्या किंवा एकावर एक ठेवलेल्या दोन जाड प्लास्टिकच्या खताच्या पिशव्या, मध्ये ग्रीस, असं ठेवा म्हणजे चाक अडकून न राहता नैसर्गिक बसतं. प्रत्येक वेळी काहीही ढिलं केलं की बोनट दोन-तीनदा दाबून सोडायचं आणि मग मोजायचं.

क्रम पक्का लक्षात ठेवा, उंची, मग कॅस्टर (बाजूने बघितल्यावर स्ट्रट वरून मागे किती झुकलाय ते), मग कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो (वरून बघितल्यावर चाकं पुढे आत बघतात की बाहेर ते). कॅम्बर हलवला की टो हलतोच, उलट्या क्रमाने केलं तर सगळं परत करायचं.

उंचीबद्दल लोक सगळ्यात जास्त चुकतात, स्प्रिंग कापून गाडी जमिनीला लावतात आणि मग म्हणतात आता जास्त पकडते. पुढचा लोअर आर्म बघा. बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंटकडचं, आतल्या टोकापेक्षा थोडं खाली किंवा फार तर सारखं असावं. ते वर गेलं की गाडी खाली आलेली असते, पण वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो, त्यामुळे गाडी उलट जास्त झुकते, शिवाय दाबल्यावर चाक आत झुकायच्या ऐवजी बाहेर झुकायला लागतं. टायरॉडचा कोन आर्मशी जुळेनासा झाला तर खड्ड्यावर गाडी आपोआप वळल्यासारखी करते. 20 ते 30 मिलिमीटर खाली आणणं बहुतेक गाड्यांना पुरतं, आणि मुरमाच्या मैदानावर पळणार असाल तर खाली आणूच नका, तिथे चाकाला खेळायला जागा पाहिजे.

कॅस्टर मोजायला स्टेअरिंगने चाक एकदा 20 डिग्री आत वळवा, कॅम्बर बघा, मग 20 डिग्री बाहेर वळवून परत बघा, दोन्हीतल्या फरकाला दीडने गुणलं की कॅस्टर मिळतो. साध्या गाडीत तो फारसा हलवता येत नाही, स्ट्रटच्या वर कॅम्बर प्लेट, म्हणजे सरकवता येणारं माउंट, बसवली असेल तर थोडा मागे घेता येतो. जास्त कॅस्टर चांगला, वळवल्यावर बाहेरच्या चाकाला आपोआप निगेटिव्ह (उणे) कॅम्बर, म्हणजे वरची बाजू आत, मिळतो, फक्त स्टेअरिंग जड होतं. डावा-उजवा सारखा असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक किती आत झुकलंय. ओळंब्याने मोजता येतं. ओळंबा रिमच्या वरच्या कडेच्या बाहेरून सोडा आणि दोरीपासून वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर घ्या. दोन बिंदू 380 मिलिमीटर अंतरावर असतील तर 1 डिग्री म्हणजे 6.6 मिलिमीटर, 2 डिग्री म्हणजे 13 च्या थोडं वर. फोनचं लेव्हल ॲप पण चालतं, पण आधी लेव्हल जमिनीवर शून्य करून घ्या आणि फोन नेहमी त्याच जागी लावा. बदल करायला स्ट्रट आणि नकल (हब धरणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट असतात, त्यातल्या वरच्याच्या जागी एका बाजूला फुगीर असलेला कॅम बोल्ट टाकला की साधारण एक-दीड डिग्री मिळतात, त्याहून जास्त पाहिजे तर वरची कॅम्बर प्लेट. भोक घासून मोठं करायचा मोह आवरा, आणि उतरणार त्या क्लासच्या नियमात काय चालतं ते एकदा वाचून मगच पैसे घाला. सुरुवात डांबरावर रस्त्याच्या टायरने पुढे उणे 1.5 ते 2.5, मऊ सेमी-स्लिक (कमी खाचांचे रेसचे टायर) असतील तर उणे 3 पर्यंत, मुरमावर उणे 1 च्या आसपास. डाव्या-उजव्यात पाव डिग्रीपेक्षा जास्त फरक नको.

आता दोरी. ही पद्धत मला मशीनपेक्षा जास्त आवडते, कारण आपल्या डोळ्यासमोर घडतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मधल्या उंचीवर स्टँडला नायलॉनची बारीक दोरी ताणा. पुढच्या हबपासून दोरीचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं करा, मागच्या हबपासूनचं पण दोन्हीकडे सारखं. पुढचं आणि मागचं एकमेकांसारखं नसणार, बऱ्याच गाड्यांत पुढचा आणि मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, वेगळा असतो, त्याने घाबरू नका. स्टेअरिंग सरळ करून सीटला बांधा, आणि स्टीलच्या पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर घ्या.

समजा डाव्या चाकाला पुढे 142 आणि मागे 145 आलं, म्हणजे पुढची कड दोरीच्या 3 मिलिमीटर जवळ, चाक बाहेर बघतंय, टो-आउट. उजव्याला दोन्हीकडे 144, म्हणजे शून्य. एकूण 3 मिलिमीटर आउट आहे खरं, पण एकाच बाजूला. आपल्याला प्रत्येकी 1 पाहिजे, म्हणून डाव्याचा टायरॉड फिरवून 2 कमी करा, उजव्याला 1 वाढवा. लॉकनट ढिला करून पाव-पाव फेरीनेच जा, परत मोजा, आणि शेवटी नट घट्ट करून अजून एकदा मोजा कारण घट्ट करतानाच सरकतं. पुढे थोडा टो-आउट का, तर वळणात शिरताना गाडी पटकन नाक वळवते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ओढणारी चाकं तशीही आत यायला बघतात. एकूण 2 मिलिमीटर पुरे, 4 केलं तर सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भटकते.

मागे बहुतेकांना टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम, असतो, तिथे काहीच फिरवायला नाही. टो किंवा कॅम्बर चुकला असेल तर बीम आणि स्टब ॲक्सलच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) मध्ये पातळ शिम, म्हणजे पत्र्याची चकती, टाकतात. फार फरक दिसला तर बीम वाकलाय का आधी बघा. मागे शून्य टो ठेवून सुरुवात करा, छोट्या, घट्ट वळणांच्या कोर्सवर अगदी थोडं आउट चालतं, पण जो नवीन आहे त्याने आत 1 ते 2 मिलिमीटर ठेवलेलं बरं. मागचा अँटीरोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) कडक केला किंवा मागे 2-3 पीएसआय हवा जास्त मारली की नाकाचं सरळ जाणं कमी होतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मागचं जितकं कडक तितकं वेगात वळणात घाबरून पाय उचलल्यावर शेपूट सुटायची शक्यता जास्त. म्हणून एक-एक पायरीने जा, आणि चाचणी बंद मैदानात किंवा रीतसर इव्हेंटमध्येच, यवतेश्वरच्या किंवा दुसऱ्या कुठल्या घाटात नाही, समोरून येणाऱ्या दूधवाल्याला तुमच्या सेटिंगशी काही देणंघेणं नाही.

चाचणीला टायरच्या खांद्यावर खडूने रेघा मारा, किती घासलं ते दिसतं. टायरचं तापमान मोजायचा सुईवाला पायरोमीटर असेल तर ट्रॅकवरून आल्याआल्या, गाडी थंड व्हायच्या आधी, आतली-मधली-बाहेरची कड मोजा. आतली बाहेरच्यापेक्षा 5 ते 8 डिग्री सेल्सिअस गरम असेल तर कॅम्बर जवळपास बरोबर, बाहेरची जास्त गरम असेल तर अजून निगेटिव्ह पाहिजे, मधली सगळ्यात गरम असेल तर हवा कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख, हवा, आकडे, जमीन कोरडी की ओली आणि ड्रायव्हर काय म्हणाला हे सगळं लिहा. ही वही दोन सीझननंतर मशीनपेक्षा जास्त कामाची होते.

त्याच गाडीने पुण्याला जायचं असेल तर रेस संपल्यावर टायरॉडवर पेंटने खूण करा, किती फेऱ्या फिरवल्या ते मोजून ठेवा आणि निघायच्या आधी टो शून्यावर आणा. टो-आउट ठेवून पावसात खंबाटकी घाटातून जाणं हे धोक्याचं आहे, आणि टायरची आतली कड लवकर खाऊन टाकतं. पुढच्या रेसला परत तेवढ्याच फेऱ्या उलट्या फिरवा आणि दोरी लावून एकदा बघून घ्या.