जुनी साधी जपानी सायकल: ओळखावी कशी आणि विक्रीची किंमत ठरवावी कशी

१९७० च्या दशकात अमेरिकेत सायकलींची मागणी एकाएकी वाढली आणि ती भागवण्यासाठी जपानी कारखान्यांनी ड्रॉप हँडलच्या, दहा-बारा गिअरच्या पोलादी सायकली मोठ्या संख्येने तिकडे पाठवल्या. आज अडगळीतून बाहेर निघतात त्या बहुधा यांतल्याच, आणि त्याही खालच्या श्रेणीतल्या. अशी सायकल विकायला काढण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: फ्रेमवरच्या नावावरून तिची किंमत ठरत नाही. ते नाव पुष्कळदा आयात करणाऱ्याचे असे आणि सायकल घडवणारा निराळाच. निशिकी या नावाने विकलेल्या सायकली कोबेच्या कावामुरा कारखान्यात तयार होत, तर युनिव्हेगाच्या अनेक सायकली मियाताने बनवल्या. शिवाय एकाच नावाखाली अगदी साधी आणि अगदी उंची अशा दोन्ही सायकली विकल्या गेल्या. त्यामुळे नाव शोधून सापडलेला मोठा आकडा आपल्या सायकलीला लावला, तर गिऱ्हाईक तरी फसते किंवा सायकल तरी पडून राहते.

सायकल कोणत्या श्रेणीतली, हे फ्रेम सांगते. सीटखालच्या नळीवर टांगे किंवा इशिवाता या नळ्या बनवणाऱ्यांचे स्टिकर असेल आणि त्यावर क्रोमोलीचा, म्हणजे क्रोमियम आणि मोलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत पोलादाचा, उल्लेख असेल, तर सायकल निदान मधल्या श्रेणीतली समजावी. साध्या सायकलींवर ‘हाय-टेन’ (साधे, जड पोलाद) असे लिहिलेले असते किंवा काहीच लिहिलेले नसते. स्टिकर उडून गेले असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बाहेर काढून त्यावर कोरलेला व्यासाचा आकडा वाचावा. २७.२ मिलिमीटर असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे पोलाद बहुधा चांगले. २६ च्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर नळी जाड आणि साधी. त्यानंतर मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो ती जागा पाहावी. डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमच्याच कानाला थेट बसवलेला नसून एक्सलच्या नटाखाली दाबलेल्या वेगळ्या पट्टीला लटकत असेल, तर ती खालच्या श्रेणीची जवळजवळ खात्रीची खूण होय. हँडलच्या मानेवर बसवलेले गिअरचे दांडे आणि ब्रेकला जोडलेले जादा आडवे लिव्हर याही त्याच श्रेणीच्या खुणा. रिमला लोहचुंबक लावून पाहावा; तो चिकटला तर रिम क्रोम केलेली पोलादी आहे, आणि अशी रिम पावसात भिजली की ब्रेक फारच उशिरा लागतो. ही गोष्ट विकत घेणाऱ्याला स्पष्ट सांगितलीच पाहिजे, कारण प्रश्न त्याच्या जिवाचा आहे.

वय ठरवण्याचे काम मला सर्वांत आनंदाचे वाटते. मागच्या डिरेलरवरचे काळे तेलकट किटण रॉकेलच्या फडक्याने पुसून त्याची मागची बाजू उजेडात तिरपी धरावी. शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीचा डिरेलर असेल तर तिथे दोन बारीक रोमन अक्षरे उमटलेली दिसतात. पहिले अक्षर वर्षाचे, ‘ए’ म्हणजे १९७६ आणि पुढे क्रमाने. दुसरे महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी ते ‘एल’ म्हणजे डिसेंबर. म्हणजे ‘जीएफ’ असे अक्षर असेल तर तो भाग जून १९८२ चा. एकाच भागावर विसंबू नये, कारण डिरेलर नंतर कधी बदललेला असू शकतो. क्रँक आणि हब यांवरच्या खुणाही जुळल्या तर सायकल मूळ भागांनिशी टिकली आहे असे म्हणता येते. सप्टेंबर १९८५ मध्ये डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच देशांनी केलेल्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला आणि स्वस्त सायकलींचे उत्पादन हळूहळू तैवानकडे सरकले. म्हणून त्यानंतरच्या सायकलीवर ओळखीचे जपानी नाव असले, तरी ती कुठे बनली हे सांगणारे स्टिकर वाचल्याशिवाय तिला जपानी म्हणू नये.

आता अवस्था. पुढच्या चाकाचा चिमटा (फोर्क) वर जिथे फ्रेमला मिळतो त्याच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा धातूला फुगवटा लागला, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे आणि फ्रेमची किंमत शून्य धरावी. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट किंवा हँडलची मान पोलादी नळीत गंजून अडकली असेल तर तेही मोठे वैगुण्य आहे, कारण सायकल दुसऱ्याच्या मापाला बसवता येत नाही. वरवरचा गंज, चाकातला थोडा आऊट, फाटलेली हँडलची पट्टी यांची चिंता करू नये.

किंमत ठरवताना मागितलेल्या किमती न पाहता, त्याच श्रेणीच्या सायकली प्रत्यक्ष विकल्या गेल्या ते आकडे पाहावेत. सर्व्हिसिंग करून व्यवस्थित चालणाऱ्या अशा सायकलीचा जो आकडा मिळेल, त्यातून दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे चार रबर, ब्रेक आणि गिअरच्या चार केबल, चेन आणि ग्रीस यांचा खर्च वजा करावा. साध्या सायकलीत ही बेरीज अनेकदा विक्रीच्या किमतीच्या जवळ जाते, म्हणून आपले श्रम स्वस्त धरता येत नसतील तर सायकल आहे त्या स्थितीत कमी किमतीला देणे अधिक शहाणपणाचे. नवे टायर घेताना जुन्याच्या कडेवरचे माप वाचून घ्यावे: २७ इंची रिमची बैठक, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास, ६३० मिलिमीटरची आणि ७००सी या दुसऱ्या मापाच्या रिमची ६२२ ची असते, त्यामुळे एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. माझ्या मते अशा सायकलीवर महागडे भाग चढवू नयेत. ते पैसे परत येत नाहीत.

जाहिरातीत सायकल ‘दुर्मीळ’ म्हणू नये. सीटखालच्या नळीची लांबी क्रँकच्या मध्यापासून मोजून सेंटिमीटरमध्ये लिहावी, कारण घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. छायाचित्र चेनच्या बाजूने, दिवसाच्या उजेडात, मागे मोकळी भिंत ठेवून काढावे आणि सोबत नळीचे स्टिकर, फ्रेमवरचा क्रमांक व गंजलेली जागा यांची जवळून काढलेली छायाचित्रे जोडावीत.