इस्लामिक बँकेची पतजोखीम (दिलेला पैसा परत न येण्याचा धोका) मोजताना या चुका टाळा

"व्याजच नाही, मग व्याजदर वाढले तर यांना काय फरक पडतो?" इस्लामिक बँकेचा ताळेबंद पहिल्यांदा हाती घेणारा हमखास इथेच घसरतो. मुराबह्यात बँक वस्तू विकत घेऊन, नफा चढवून ती ग्राहकाला हप्त्यांवर विकते. तो नफा ठरवताना नजर बाजारातल्या व्याजदरावरच असते. मात्र किंमत एकदा ठरली की वाढवता येत नाही, म्हणून दर चढले की आधीच्या सौद्यांत चटका बँकेला बसतो. इजाऱ्यात बँक मालमत्ता भाड्याने देते, आणि ते भाडं सहसा ठरावीक काळाने बदलतं. तिथे हप्ता ग्राहकाचा वाढतो आणि थकबाकीही. सगळे करार एकाच गाठोड्यात बांधून ताणचाचणी (परिस्थिती बिघडली तर काय होईल याची तपासणी) केली, तर हा फरक दिसतच नाही.

दुसरी चूक उशिराकडे दुर्लक्ष करण्याची. थकलेल्या हप्त्यावरचा दंड साधारणपणे दानधर्माला जातो, बँकेच्या उत्पन्नात धरत नाहीत. महागाईच्या काळात हप्ता लांबवणाऱ्याचं यात फावतं. म्हणून अडचणीत सापडलेला ग्राहक आणि मुद्दाम टाळणारा ग्राहक यांची थकबाकी वेगळी काढा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे 'मागे मालमत्ता आहे, पैसे कुठे जातात' हा भरवसा. नोव्हेंबर २००९मध्ये दुबई सरकारच्या मालकीच्या दुबई वर्ल्ड या कंपनीने कर्जफेड पुढे ढकलण्याची मागणी केली. तिच्याच नखील या बांधकाम कंपनीचे सुमारे ३.५ अब्ज डॉलरचे सुकूक (मालमत्तेवर आधारलेले इस्लामिक रोखे) डिसेंबरात फेडायचे होते. ते वेळेवर फिटले, पण अबू धाबीने १० अब्ज डॉलरची मदत दिली म्हणून. जमिनीचे भाव आणि बांधकाम व्यावसायिकाचं उत्पन्न एकाच वेळी कोसळतं. नेमकं गरज पडते तेव्हाच तारण हलकं होतं. (तेजीतलं मूल्यांकन मंदीत वापरणारे अहवाल आजही दिसतात, हे विशेष.) तारण पडत्या भावाने धरा आणि ते खरंच ताब्यात घेता येतं का, हे करारात तपासा.

एकाच वर्षाच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. २००८मध्ये या बँका तुलनेने सावरलेल्या दिसल्या, कारण गुंतागुंतीचे कर्जरोखे त्यांच्याकडे फारसे नव्हते. मंदी प्रत्यक्ष उद्योगांत उतरली तेव्हा त्यांच्याही नफ्याला कात्री लागली.

आखातात फक्त जीडीपी पाहूनही भागत नाही. २०१४च्या मध्यात शंभर डॉलरवर असलेलं तेल जानेवारी २०१६मध्ये तिशीच्या खाली गेलं. सरकारी खर्च आटला, कंत्राटदारांची बिलं रखडली, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या पुरवठादारांचे हप्तेही.

मुदारब्यात बँक भांडवल देते, ग्राहक धंदा चालवतो आणि नफा दोघं वाटून घेतात. त्यातला तोटा थकबाकीच्या रकान्यात शोधू नका. धंदा बुडाला तर भांडवल देणाऱ्या बँकेचंच बुडतं. निष्काळजीपणा किंवा करारभंग सिद्ध झाला, तरच ते येणं ठरतं.