ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन घरी देताना

उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोन हे प्रथिन आहे. गोळी करून दिलं तर पोटात पचून जातं, म्हणून ते टोचूनच घ्यावं लागतं. शरीर हे हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत सोडतं, त्यामुळे मुलांना इंजेक्शन रात्री झोपण्यापूर्वी देतात.

या हार्मोनची कमतरता असलेल्या मुलाचा डोस साधारणपणे किलोमागे दिवसाला ०.०२५ ते ०.०३५ मिलिग्रॅम असतो. तो डॉक्टर ठरवतात, पण हिशेब पालकांनाही यायला हवा, कारण औषधावर कधी मिलिग्रॅम लिहिलेले असतात, कधी युनिट. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. २० किलोच्या मुलाला ०.०३ प्रमाणे ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे १.८ युनिट.

इंजेक्शनचं पेन असेल तर त्यावर डोसचा आकडा फिरवला की झालं. व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणि इन्सुलिनची सिरिंज वापरणाऱ्यांची चूक मात्र हमखास इथेच होते. सिरिंजवरच्या रेघा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत, ग्रोथ हार्मोनच्या नाहीत. समजा, १ मिलिलिटरमध्ये १२ युनिट हार्मोन आहे. मग १.८ युनिट म्हणजे ०.१५ मिलिलिटर. यू-४० सिरिंजवर (१ मिलिलिटरला ४० युनिट) ही ६ युनिटची रेघ, यू-१०० वर (१ मिलिलिटरला १०० युनिट) १५ची. दुकानदाराने सिरिंज बदलून दिली आणि यू-४० वर १५ युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट जातो. कोणत्या सिरिंजवर किती युनिटची रेघ, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं आणि सिरिंज बदलली की पुन्हा विचारावं.

पावडरची व्हायल असेल तर सोबतचं पाणी काचेच्या कडेने हळू सोडावं आणि व्हायल तळहातात फिरवावी. हलवायची नाही, फेस आला की प्रथिन बिघडतं. द्रावण गढूळ दिसलं तर वापरू नये.

औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रीजरच्या कप्प्याखाली नाही आणि दारातही नाही. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यावं. उघडलेलं औषध किती दिवस चालेल ते पाकिटावर असतं, बरेचदा २८ दिवस. पहिल्या दिवशी त्यावर तारीख टाकावी. भारनियमनात फ्रीजचं दार उघडू नये. प्रवासात बर्फाची पिशवी थेट औषधाला टेकू देऊ नये, मध्ये टॉवेल ठेवावा. विमानात औषध हातातल्या बॅगेतच.

सुई दरवेळी नवी. पेनला सुई लावल्यावर टोकाला थेंब येईपर्यंत हवा काढावी. मांडी, पोट किंवा नितंब, जागा रोज बदलायची. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढावी, नाहीतर औषध बाहेर ओघळतं. एखाद्या रात्री राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

दर तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच मोजपट्टीवर, अनवाणी उंची मोजावी. पहिल्या वर्षी ८ ते १० सेंटिमीटर वाढ बऱ्याचदा दिसते. ती नसेल तर डोस वाढवायची घाई नको. आधी किती इंजेक्शनं चुकली, औषध कुठे ठेवलं होतं, आणि थायरॉइडची तपासणी कधी झाली ते पाहावं. थायरॉइड कमी असेल तर उंची हवी तशी वाढत नाही. मूल लंगडत असेल, मांडीचा सांधा किंवा गुडघा दुखत असेल, डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील किंवा अंधूक दिसत असेल, तर इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

वर्षाला २ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होऊ लागली की उंचीसाठीचं औषध थांबवतात आणि काही काळाने पुन्हा तपासतात. बऱ्याच मुलांची कमतरता तोपर्यंत भरून निघालेली असते. उरलेल्यांना, तसंच पिट्यूटरीच्या (हे हार्मोन सोडणारी मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) गाठीनंतर किंवा बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावानंतर कमतरता आलेल्या मोठ्यांना, डोस खूप कमी लागतो. साठीच्या आतल्यांना दिवसाला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि पुढचा डोस आयजीएफ-१ च्या (ग्रोथ हार्मोनचा परिणाम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्टवर ठरतो. पाय सुजणं, सांधे दुखणं, हाताला मुंग्या येणं, ही डोस जास्त होत असल्याची खूण. इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना मात्र डोस जास्त लागतो. पिट्यूटरीच्या रुग्णाचं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं हार्मोन) सुरुवातीलाच तपासून घ्यावं, कारण हे औषध सुरू झाल्यावर त्याची लपलेली कमतरता उघडी पडू शकते.