इलेक्ट्रिक की हायब्रिड? हिशेब मांडताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात मेहुणा शोरूममधून थेट घरी आला. हातात कोटेशन आणि त्याच्या मागं पेनानं लिहिलेलं : 'इलेक्ट्रिक – किलोमीटरला १ रुपया'. गाडी ठरलीच होती, माझ्याकडून फक्त 'घे' ऐकायचं होतं.

"चार्ज कुठं करणार?" मी विचारलं.

"दाजी, ते बघू की नंतर."

त्याचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मीटर जिन्याखाली, गाडी लागते गल्लीच्या तोंडाला. 'नंतर बघू' ही सगळ्यात महागडी चूक.

तो १ रुपया कुठून आला?

गाडी युनिटला ७ किलोमीटर जाते असं धरा. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून हजार किलोमीटरला भिंतीतून साधारण १६० युनिटं ओढली जातात. घरात फ्रीज, गिझर, पंखे आधीच चालू असतात; ही १६० युनिटं त्यांच्यावर चढतात आणि वरच्या स्लॅबात जातात. शोरूमवाला मात्र खालच्या स्लॅबचा दर सांगतो. सरासरी १४ रुपये धरले आणि महिन्याला हजार किलोमीटर झाले, तर महिन्याला २,२४० रुपये. १ रुपया नव्हे, सव्वादोन.

हायब्रिडनं लिटरला २० दिले आणि पेट्रोल १०५ धरलं, तर तेवढ्याच अंतराला ५,२५० रुपये. म्हणजे इलेक्ट्रिकची बचत महिन्याला ३,००० च्या आसपास. पण रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपयांनी चार्ज केलं, तर खर्च ३,५०० च्या घरात जातो आणि बचत दोन हजारांच्या आत येते. गाडी १ लाखानं महाग पडली असेल, तर तो फरक घरी चार्ज करणाऱ्याचा पावणेतीन वर्षांत फिटतो, बाहेर करणाऱ्याचा पावणेपाच वर्षांत. आणि ज्याची गाडी महिन्याला ४०० किलोमीटरच फिरते, त्यानं ही वर्षं अडीचनं गुणावीत.

एक्स-शोरूम किंमत बघून ठरवणं

इथं उलटी चूक होते, इलेक्ट्रिक आहे त्यापेक्षा महाग वाटते. तिच्यावर जीएसटी ५ टक्के. दीड लिटर इंजिनाच्या हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो किमतीत धरलेला असतो, पण रोड टॅक्स नसतो. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला तो माफ आहे, १० ते २० लाखांच्या पेट्रोल हायब्रिडला १२ टक्के. १८ लाखांच्या गाडीवर हे २ लाख १६ हजार झाले. तेव्हा तुलना ऑन-रोड किमतीचीच करा.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळते असं कुणी सांगितलं, तर सोडून द्या. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

नावाला हायब्रिड

मागं 'हायब्रिड' लिहिलंय म्हणून भुलू नका. माइल्ड हायब्रिडची मोटर इंजिनाला हात देते, एकटी गाडी ओढत नाही; स्ट्राँगची कमी वेगात ओढते. ग्रँड व्हिटाराचं कंपनीनं सांगितलेलं मायलेज स्ट्राँग हायब्रिडला २७.९७, मॅन्युअल माइल्डला २१.११. बचतीचा हिशेब स्ट्राँगचा आणि बुकिंग माइल्डचं, असं बऱ्याचदा होतं.

शिवाय स्ट्राँग हायब्रिडचा फायदा दसरा चौकाच्या गर्दीत, थांबत-चालत दिसतो. शंभरच्या वेगानं पुण्याला जाताना इंजिनच राबतं. दर आठवड्याला पुणं करणाऱ्यानं शहरातलं मायलेज धरून गणित मांडू नये.

विम्यात पाणी विसरणं

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. झिरो डेप (भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापणारं जोड-कव्हर) घेतला म्हणजे सगळं झालं असं नाही. इंजिनात पाणी गेलं तर इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं, इलेक्ट्रिकला बॅटरीचं वेगळं संरक्षण. दोन्हींचे हप्ते मागवून मगच तुलना करा. थर्ड पार्टीत इलेक्ट्रिकला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे, पण हप्त्याचा मोठा भाग तो नव्हे.

वीजबिल नीट न वाचणं

मेहुण्याचं बिल दिव्याखाली धरलं. मंजूर भार २ किलोवॅट. गाडीसोबत येणारा साधा १५ अँपिअरचा चार्जर एकटाच ३.३ किलोवॅट ओढतो. म्हणजे आधी भार वाढवून घ्यायचा, अर्थिंग तपासायचं, मग जिन्याखालून गल्लीच्या तोंडापर्यंत केबल, तीही शेजाऱ्याच्या भिंतीवरून. भार वाढवायचा अर्ज गेलाय. वायरमन दोनदा बोर्ड बघून गेला, शेजारचे काका अजून 'हो' म्हणायचेत. गाडीचं बुकिंग थांबलंय.