बॅटरी २२ किलोमीटर कशी पुरवावी: विजेवरच्या रेसिंग गाडीची एन्ड्युरन्ससाठी तयारी

मराठवाड्यातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फॉर्म्युला स्टुडंट, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा, तिच्या धर्तीची विजेवर चालणारी गाडी बांधायचे ठरले की पहिली चर्चा मोटर किती ताकदीची घ्यावी यावरच होते. बॅटरीतून एका क्षणी ८० किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती घेता येत नाही, एवढे नियमातच लिहिलेले असते. त्यामुळे सगळे जण त्या ८० च्या मागे लागतात. स्पर्धेतला सर्वांत लांबचा टप्पा म्हणजे एन्ड्युरन्स मात्र २२ किलोमीटरचा असतो आणि मध्ये चार्जिंग करता येत नाही. समजा, बॅटरीचा पॅक साडेसहा किलोवॉट-तासांचा आहे आणि त्यातले साडेपाच वापरण्याजोगे आहेत. मग प्रत्येक किलोमीटरच्या वाट्याला २५० वॉट-तास येतात. सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर धरला तर हा हिशेब साडेबारा किलोवॉटच्या सरासरी शक्तीवर येऊन थांबतो. म्हणून मोटर निवडण्याआधी ही वाटणी कागदावर मांडावी.

ऊर्जेइतकाच तोलून वापरायचा दुसरा साठा तापमानाचा आहे. पॅक ज्या अनेक छोट्या सेलचा बनतो त्यांतल्या कोणत्याही सेलने ६० अंश सेल्सिअसची, किंवा उत्पादकाने त्याहून कमी मर्यादा दिली असल्यास तिची, रेघ ओलांडली की बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) उच्चदाबाचा पुरवठा तोडतो आणि गाडी उभी राहते. उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पॅकचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर १०० अँपिअरला एक किलोवॉट उष्णता निघते आणि २०० अँपिअरला ती चार किलोवॉट होते. चाळीस किलो वजनाच्या सेलना एक अंशाने तापवायला ढोबळमानाने ४० किलोज्यूल लागतात. त्यामुळे सरासरी अर्धा किलोवॉट उष्णता सव्वीस मिनिटे साठत राहिली आणि हवेने ती वाहून नेली नाही, तर पॅक सुमारे वीस अंशांनी तापतो. सुरुवातीला पॅक २८ अंशांवर असेल तर हे सहज निभते. मात्र दुपारच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला पॅक चाळीस अंशांवरून निघाला, तर शेवटच्या फेऱ्यांत गाडी बंद पडणार हे चाचणीआधीच सांगता येते.

मराठवाड्यात रेसिंग ट्रॅक नाही, पण तेवढ्यावरून अडून बसण्याचे कारण नाही. औद्योगिक वसाहतीतले डांबरी आवार किंवा महाविद्यालयाचे मोठे पार्किंग लेखी परवानगी काढून सुटीच्या दिवशी मिळवावे, चारही बाजूंनी बंद करावे आणि कबड्डीचे मैदान आखतात तशी फक्कीने आखणी करावी. स्किडपॅड म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराचा, शेजारशेजारच्या दोन वर्तुळांचा मार्ग; त्याच्या आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, बाहेरच्याचा २१.२५ मीटर आणि दोन्ही वर्तुळांच्या केंद्रांमधले अंतर १८.२५ मीटर असते. प्रवेगाची सरळ पट्टी ७५ मीटरची असते, पण तिच्यापुढे गाडी थांबवायला पुरेशी मोकळी जागा ठेवावी. गाडी उतरवण्यापूर्वी जागा झाडून घ्यावी, कारण काळ्या मातीची बारीक धूळ टायरची पकड घालवते आणि पंख्यांच्या जाळीत घट्ट बसते. एप्रिल-मेमध्ये चाचणी करायची वेळ आलीच तर ती सकाळी नऊच्या आत आटोपावी. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत स्पर्धा जानेवारीत असते. उन्हाळ्यातल्या दुपारच्या नोंदी तिच्यासाठी कामाच्या नाहीत आणि सेलचे आयुष्य मात्र त्यात खर्ची पडते.

प्रत्येक फेरीनंतर वहीत चार आकडे लिहावेत: फेरीची वेळ, खर्च झालेले वॉट-तास, सर्वांत तापलेल्या सेलचे तापमान आणि सर्वांत उतरलेल्या सेलचा व्होल्टेज. संगणकात सगळे साठते हे खरे, पण वहीतला रकाना उभा वाचताना जी चूक दिसते ती आलेखात दिसेलच असे नाही. त्यानंतर इन्व्हर्टरमधली (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या उपकरणातली) कमाल शक्ती ८० किलोवॉटवरून ६०, मग ४५, मग ३५ अशी उतरवत प्रत्येक पायरीवर किमान पाच फेऱ्या माराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एन्ड्युरन्सचा मार्ग वळणावळणांचा असल्याने पूर्ण शक्ती वापरण्याजोग्या सरळ पट्ट्या थोड्याच असतात. त्यामुळे शक्ती कमी करून वाया जाणारा वेळ अपेक्षेपेक्षा कमी निघतो आणि उष्णतेत मात्र मोठी घट होते. चालकालाही वळणाच्या आधी, ब्रेक दाबण्यापूर्वी काही मीटर पाय उचलून गाडी वाहू द्यायला शिकवावे. ही सवय एका दिवसात लागत नाही.

ब्रेक लावताना मोटरलाच जनित्र करून ऊर्जा परत घेणे, ज्याला सगळे रीजन म्हणतात, ते किती दूर नेता येते हे फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या व्यावसायिक शर्यतींमध्ये दिसते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागराच्या काठी धावलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाड्या ६०० किलोवॉटपर्यंत शक्ती परत घेऊ शकत होत्या, कारण पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अक्षांवर त्यांना ती सोय होती. विद्यार्थ्यांच्या बहुतेक गाड्यांत मोटर फक्त मागे असते आणि ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून रीजन जास्त ठेवले की मागची चाके घसरून गाडी गरकन फिरते. दुसरी अडचण आम्ही स्वतः भोगलेली आहे. पॅक काठोकाठ भरून पहिल्या चाचणीला निघालो आणि पहिल्याच वळणावर गाडी गप्प झाली. परत येणारी ऊर्जा घ्यायला भरलेल्या सेलमध्ये जागाच नव्हती, एका सेलचा व्होल्टेज ४.२ च्या वर गेला आणि बीएमएसने पुरवठा तोडला. तेव्हापासून आम्ही सेल ४.१५ व्होल्टपर्यंतच भरतो आणि पहिल्या दोन फेऱ्या रीजन बंद ठेवतो.

सुरक्षेच्या बाबतीत कंटाळा करू नये. पॅक उघडताना दोन माणसे हवीत, हातमोजे १००० व्होल्टचे हवेत, हातातले कडे, अंगठी आणि गळ्यातली साखळी आधी काढून ठेवावी, आणि पुरवठा तोडल्यावरही मल्टिमीटरने ६० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री केल्याशिवाय कशालाही हात लावू नये. स्पर्धेतल्या पावसाच्या चाचणीत गाडीवर १२० सेकंद पाणी फवारतात आणि नंतरची १२० सेकंद इन्सुलेशनवर लक्ष ठेवणारे उपकरण पुरवठा तोडत नाही ना, हे पाहतात. त्याची तालीम घरीच करता येते. कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप यासाठी उत्तम, फक्त तो आधी स्वच्छ धुऊन घ्यावा. पाणी बहुधा केबलच्या ग्लँडमधून, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या घट्ट बसवलेल्या तोंडातून, आत शिरते. तिथे टिश्यू पेपरचा तुकडा ठेवला की तो ओला झाला की नाही हे लगेच कळते.

एन्ड्युरन्सच्या दिवशी पॅक सावलीत ठेवावा आणि चार्जिंग इतके आधी संपवावे की सेलना थंड व्हायला दोन तास मिळतील. अकरा किलोमीटरनंतर चालक बदलतो आणि त्यासाठी तीन मिनिटे मिळतात; पट्टे, मानेचा आधार आणि आसनामागची गादी यांची तालीम घड्याळ लावून किमान वीस वेळा करावी. पहिल्या चालकाने उतरताना दुसऱ्याला फक्त दोन आकडे सांगावेत, उरलेले वॉट-तास आणि सर्वांत तापलेल्या सेलचे तापमान. गाडी उभी असताना पंखे बंद पडतात आणि तापलेला पॅक तसाच तापलेला राहतो, म्हणून दुसऱ्या चालकाने पहिली फेरी कमी शक्तीच्या सेटिंगवर काढावी आणि तापमान स्थिर झाल्याचे पिटमधून खुणेने कळल्यावरच सेटिंग वाढवावे.